आपत्ती-निवाऱ्याचा जुना ट्रेलर घेताय? आधी आतली हवा तपासा

अमेरिकेत जुना ट्रॅव्हल ट्रेलर शोधायला लागलं की कधी ना कधी एक जाहिरात हमखास समोर येते: साधा पांढरा ट्रेलर, अंगावर रंगीत पट्टे नाहीत, आत बंक बेड, आणि किंमत त्याच लांबीच्या इतर ट्रेलरांपेक्षा बरीच कमी. असे बरेचसे ट्रेलर फेमाचे, म्हणजे तिथल्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे असतात. वादळग्रस्तांसाठी घेतलेले, वापरून झाल्यावर लिलावात काढलेले आणि मग हातोहात फिरलेले. कॅम्पिंगसाठी, शेताच्या कडेला सामान ठेवायला किंवा भाडं परवडत नाही म्हणून राहायला, अशा तिन्ही कारणांनी लोक ते घेतात. त्यातलं तिसरं कारण सगळ्यात काळजीचं, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी थोडा इतिहास, कारण पुढच्या तपासणीचा तोच आधार आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ ल्युइझियाना आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आदळलं, पाठोपाठ सप्टेंबरात रिटा आलं. फेमानं एक लाखाहून जास्त ट्रेलर आणि मोबाइल होम घाईनं विकत घेतली. काही महिन्यांतच राहणाऱ्यांचे डोळे चुरचुरणं, घसा धरणं, नाकातून रक्त येणं, मुलांचा खोकला हटता न हटणं अशा तक्रारी सुरू झाल्या. २००६ मध्ये सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेनं ३२ ट्रेलर तपासले. त्यातल्या ३० मध्ये फॉर्मॅल्डिहाइड हा झोंबणारा वायू ०.१ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग म्हणजे १ पीपीएम) वर निघाला. डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं, फेमानं दिलेली आणि माणसं राहत असलेली ५१९ घरं तपासली. सरासरी ७७ पीपीबी (अब्ज भागांत ७७ भाग) आली, सर्वांत कमी ३ आणि सर्वांत जास्त ५९०. साध्या अमेरिकन घरात हा आकडा १० ते २० पीपीबीच्या आसपास असतो. आणि ही मोजणी थंडीच्या दिवसांतली होती हे विसरू नका.

या ट्रेलरांत हे एवढं का झालं? कारण बोर्डात आहे. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि स्वस्त प्लाय ज्या डिंकानं चिकटवतात तो युरिया-फॉर्मॅल्डिहाइडचा असतो. बनवताना उरलेलं फॉर्मॅल्डिहाइड तर बाहेर पडतंच, शिवाय उष्णता आणि दमट हवा मिळाली की डिंकाचे बंध हळूहळू तुटतात आणि नवं सुटत राहतं. ट्रेलरमध्ये भिंती, छत, कपाटं, पलंगाचा पाया, जेवणाच्या बाकाची पेटी, सगळं याच बोर्डाचं. पृष्ठभाग प्रचंड आणि हवा मूठभर. त्यात मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचा उन्हाळा. तापमान १० अंश सेल्सिअसनं वाढलं की उत्सर्जन ढोबळमानानं दुपटीच्या वर जातं. पुण्या-ठाण्यात नवं मॉड्युलर किचन बसवल्यावर बंद कपाट उघडताच डोळ्यांना जी झोंबी लागते, ती याच वायूची. फक्त तिथे स्वयंपाकघराला खिडकी असते आणि माणूस कपाटात झोपत नाही.

पायरी १: हातात काय आहे ते ओळखा

विकणारा सगळ्यालाच 'फेमा ट्रेलर' म्हणतो, पण तीन वेगळ्या वस्तू त्यात येतात. चाकांवरचा, गाडीमागे ओढायचा, आठ फूट रुंदीचा तो ट्रॅव्हल ट्रेलर. त्याहून ऐसपैस पण चारशे चौरस फुटांच्या आतला तो पार्क मॉडेल. आणि पूर्ण घरासारखं, ट्रकनं आणून ठेवायचं ते मोबाइल होम किंवा मॅन्युफॅक्चर्ड होम. फरक महत्त्वाचा आहे, कारण त्या काळी मोबाइल होममधल्या बोर्डाला गृहनिर्माण खात्याची मर्यादा होती (प्लायला ०.२ आणि पार्टिकल बोर्डला ०.३ पीपीएम), ट्रॅव्हल ट्रेलरला ती लागूच नव्हती. सीडीसीच्या मोजणीतही ते दिसलं: ट्रॅव्हल ट्रेलर ८१, मोबाइल होम ५७, पार्क मॉडेल ४४ पीपीबी.

मोबाइल होमच्या मागच्या टोकाला बाहेरून लाल धातूची पट्टी ठोकलेली असते आणि आत कपाटात किंवा विजेच्या पॅनलजवळ माहितीचा कागद चिकटवलेला असतो. ट्रॅव्हल ट्रेलरवर लाल पट्टी नसते. तिथे पुढच्या बाजूला बाहेरून लावलेल्या पट्टीवरचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख-क्रमांक, वाचा. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: ५ म्हणजे २००५, ६ म्हणजे २००६, ७ म्हणजे २००७. पाच-सहा-सात दिसलं आणि रूप वर सांगितल्यासारखं असेल, तर तो कॅटरिनाचा समजूनच पुढे चला, विक्रेता काहीही म्हणो.

त्यानंतरच्या वादळांसाठी घेतलेल्या घरांची गोष्ट वेगळी आहे. २००८ मध्ये फेमानं नव्या खरेदीसाठी आतल्या हवेत ०.०१६ पीपीएमची अट घातली. शिवाय बोर्डातून सुटणाऱ्या फॉर्मॅल्डिहाइडचा कायदा जुलै २०१० मध्ये झाला आणि जून २०१८ पासून देशभर अमलात आला. आता प्लायला ०.०५, पार्टिकल बोर्डला ०.०९, एमडीएफला ०.११ आणि पातळ एमडीएफला ०.१३ पीपीएम ही मर्यादा आहे. ही मर्यादा बोर्डाच्या तुकड्याची, चाचणीपेटीत मोजलेली. तुमच्या खोलीतल्या हवेची नव्हे. गल्लत करू नका.

पायरी २: कागद आणि स्टिकर

२००७ मध्ये या ट्रेलरांची विक्री थांबवली गेली होती. २०१० च्या सुरुवातीला जीएसए या सरकारी खरेदी-विक्री संस्थेच्या लिलावातून ती मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू झाली. घेणाऱ्याकडून लिहून घेतलं होतं की हे राहण्यासाठी वापरणार नाही, राहण्यासाठी म्हणून विकणार नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तसं सांगू. ट्रेलरवर 'राहण्यासाठी नाही' असा स्टिकरही होता. पुढे काय झालं ते उघड आहे: त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेल काढणाऱ्या तरंगत्या मंचाच्या तेलगळतीनंतर सफाईला आलेले कामगार यातच राहत होते.

म्हणून दाराच्या आसपास आणि खिडकीच्या काचेवर तिरप्या उजेडात बघा. स्टिकर खरवडून काढला की चौकोनी डिंकाचा डाग किंवा आजूबाजूपेक्षा कमी पिवळा पडलेला तुकडा राहतो. विक्रेत्याला सरळ विचारा: मूळ विक्रीपत्र कुठे आहे, लिलावात कोणी आणि कधी घेतला? मालकीचा कागद, म्हणजे टायटल, त्याच्या नावावर नसेल तर तिथेच थांबा. टायटलवर राहण्याबद्दलचा शेरा आहे का तेही वाचा. काही ठिकाणी असा ट्रेलर घर म्हणून उभा करायला स्थानिक परवानाच मिळत नाही, तेव्हा पैसे देण्याआधी काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कार्यालयात फोन करा.

पायरी ३: दोन तास तपासणीला द्या

विक्रेत्याला आदल्या रात्रीपासून ट्रेलर पूर्ण बंद ठेवायला सांगा आणि दुपारी जा. तुम्ही येणार म्हणून सकाळपासून दारं-खिडक्या सताड उघडी ठेवलेली दिसली तर त्या भेटीत हवेबद्दल काहीच कळणार नाही. दार उघडल्यावर पहिल्या मिनिटात डोळ्यांत पाणी येतंय का, नाक झोंबतंय का ते लक्षात ठेवा. पंधरा मिनिटांनी वास जाणवेनासा होतो. हवा सुधारलेली नसते, नाक सरावलेलं असतं. वास आला तर वाईट आहेच, पण वास नाही म्हणून ठीक आहे असं कधीही समजू नका.

मग बोर्ड शोधा. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सिंकखाली, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्यामागे, पलंगाची फळी उचलून तिच्या खालच्या बाजूला, बाकाच्या पेटीत. वरून व्हिनाइल किंवा सनमायका असला तरी आतली बाजू आणि कापलेल्या कडा उघड्या असतात. भुसा दाबल्यासारखा पोत दिसला की पार्टिकल बोर्ड. सगळ्यात जास्त वायू सुटतो तो या कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. किती चौरस फूट उघडा बोर्ड आहे याची वहीत नोंद करा, पुढे उपयोगी पडेल.

ओल तितकीच बारकाईनं बघा. आज वीस वर्षांच्या झालेल्या ट्रेलरात सुरुवातीचं मोकळं फॉर्मॅल्डिहाइड बरंचसं उडून गेलेलं असतं; आमच्या मते त्यात बुरशी आणि कुजलेलं प्लाय हा तितकाच मोठा धोका आहे. छताच्या झडपेभोवती, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, चाकाच्या कमानीवर, टॉयलेटच्या बुडाशी अंगठ्यानं दाबून पाहा. बोट आत गेलं तर आतलं लाकूड गेलेलं आहे. दोन सुयांचा ओलावा-मीटर असेल तर १६ टक्क्यांवर सावध व्हा, २० च्या वर ओलं समजा. ओल आणि फॉर्मॅल्डिहाइड या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हेत: भिजलेल्या बोर्डातला डिंक पुन्हा सुटायला लागतो.

एका प्रकारापासून विशेष जपा: 'नव्यानं सजवलेला' ट्रेलर. जुना बोर्ड वीस वर्षांत शांत झालेला असतो, आणि कुणीतरी स्वस्त एमडीएफची कपाटं, नवी फरशी आणि गोंद घालून घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं. कोणता बोर्ड वापरला, त्यावर 'टीएससीए टायटल सिक्स' असा, म्हणजे वर सांगितलेल्या बोर्डाच्या कायद्याचा, शिक्का होता का, पावती आहे का, हे विचारा.

पायरी ४: मोजणी

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त डिजिटल मीटरवर विसंबू नका. त्यातला सेन्सर अल्कोहोल, रंग, परफ्यूम, फरशी पुसायचं द्रव अशा सगळ्यालाच फॉर्मॅल्डिहाइड समजतो. ताज्या रंगाच्या ट्रेलरात तो भलताच आकडा दाखवतो आणि जिथे गरज आहे तिथे गप्प बसतो. खात्रीची पद्धत म्हणजे डीएनपीएच रसायन लावलेला बॅज: चोवीस तास टांगायचा, पाकिटात बंद करायचा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पाठवायचा.

खिडक्या, छताच्या झडपा, दार, सगळं बंद करून किमान १२ तास थांबा. आतलं तापमान निदान २५ अंश सेल्सिअस असू द्या. हिवाळ्यात मोजणार असाल तर हीटर लावा, नाहीतर आकडा फसवा कमी येईल. एक बॅज झोपायच्या जागी, एक मधल्या जागेत. जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, दोरीनं मोकळा लटकता, भिंतीला चिकटलेला नको, उन्हात नको, एसीच्या झोतात नको. सिगारेट, उदबत्ती, गॅसची शेगडी चोवीस तास बंद, कारण जळणातूनही हाच वायू तयार होतो. सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ मिनिटासकट लिहा. प्रयोगशाळा त्या वेळेवरूनच हिशोब करते, आणि लोक नेमकं तेच विसरतात. तिसरा बॅज न उघडता सोबत पाठवता आला तर उत्तम, वाटेत काही शिरलं असेल तर त्यावरून कळतं. पाठवेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा.

खाजगी विक्रेत्याकडून घेताना पैसे देण्याआधी हा एक दिवस मागून घ्या. ज्याला विकायचं आहे तो देतो. लिलावात माल 'आहे तसा, आहे तिथे' विकतात आणि अशी मोजणी सहसा करता येत नाही. तिथे हवा वाईट निघेल असं धरूनच बोली लावा.

पायरी ५: आकडा वाचणं

अहवाल कधी पीपीबीत येतो, कधी पीपीएममध्ये, कधी मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. ०.१ पीपीएम म्हणजे १०० पीपीबी. मायक्रोग्रॅमला १.२३ नं भागलं की पीपीबी मिळतात.

तुलनेसाठी आकडे पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाचा हेतू वेगळा. अमेरिकेतल्या कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांची कायदेशीर मर्यादा ०.७५ पीपीएम आहे. ती निरोगी प्रौढासाठी आणि फक्त पाळीपुरती, घरासाठी ती वापरूच नका. त्याच देशातल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची, म्हणजे निऑशची, शिफारस ०.०१६ पीपीएम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची अर्ध्या तासाची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ८० पीपीबी. वर्षभराहून जास्त संपर्कासाठी एटीएसडीआरची (विषारी पदार्थांचा आरोग्यावरचा परिणाम पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची) पातळी ८ पीपीबी, ती तर साध्या घरातही ओलांडली जाते. याच एटीएसडीआरनं २००७ च्या सुरुवातीच्या अहवालात ०.३ पीपीएम ही पातळी धरून फेमाला सल्ला दिला आणि त्यावरून अमेरिकी काँग्रेसमध्ये तिच्यावर टीका झाली, कारण इतक्या वरचा आकडा धरला की आजारी पडणारी माणसं हिशोबातच येत नाहीत. हा वायू माणसात कॅन्सर घडवतो असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच ठरवलेलं आहे.

आमची व्यवहारातली पट्टी अशी. बंद ट्रेलरात २० पीपीबीपर्यंत: चांगलं, साध्या घराइतकं. २० ते ५०: पुढची कामं करा आणि पुन्हा मोजा. ५० ते १००: कामं होईपर्यंत आत झोपू नका. १०० च्या वर: ट्रेलर सामानासाठी ठेवा, माणसांसाठी नको. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर ५० वरच थांबा.

पायरी ६: कमी कसं करायचं

पहिलं काम बोर्ड काढणं, बाकी सगळं त्याच्यानंतर. पलंगाची फळी, बाकाच्या पेट्या आणि कपाटातले खण हे सुटे असतात. दोन दिवसांत निघतात. त्याजागी सॉलिड लाकूड, धातूची चौकट किंवा फॉर्मॅल्डिहाइडविरहित डिंकाचं प्लाय. भिंतीचं प्लाय मात्र सहज काढता येत नाही, ते ढाच्याला चिकटवलेलं असतं.

जे राहील ते बंद करा. सनमायकाचा पृष्ठभाग सोडा, कडा आणि आतल्या बाजू धरा. धूळ पुसून चपडीच्या प्रायमरचे दोन हात, कडांना तीन. स्क्रूची रिकामी भोकं भरून घ्या. एक बाजू रंगवून दुसरी सोडली तर वायू सोडलेल्या बाजूनं येतो, हे नेहमीचं चुकणारं काम. आपल्याकडचे सुतार वापरतात ते मेलामाइन पॉलिश इथे अजिबात नको, ते स्वतःच फॉर्मॅल्डिहाइड सोडतं. रंगाचा वास पूर्ण गेल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा बॅज लावा.

मग हवा खेळती करा. किती फरक पडतो ते २००६ मध्ये ल्युइझियानातल्या बॅटन रूजजवळ ९६ रिकाम्या ट्रेलरांवर तपासलं गेलं: बंद असताना सरासरी १.०४ पीपीएम, एसी चालू ठेवल्यावर ०.३९, आणि खिडक्या व झडपा उघडून पंखे लावल्यावर ०.०९. एसीनं थोडा उपयोग होतो कारण तो थंड आणि कोरडं करतो, पण छतावरचा एसी आतलीच हवा फिरवतो. बाहेरची हवा त्यातून येत नाही.

हिशोब सोपा आहे. २८ फूट लांब, ८ फूट रुंद, साडेसहा फूट उंच ट्रेलरात साधारण १,४५० घनफूट हवा. मिनिटाला ५० घनफूट ओढणारा, सतत चालणारा छोटा पंखा तासाला ३,००० घनफूट बाहेर टाकतो, म्हणजे तासात दोनदा हवा बदलते. एवढं रोजच्या राहण्याला पुरतं. समजा, हवा आधीच्या सहापट बदलू लागली, म्हणून वायू सहापट कमी होईल असं मात्र नाही. आतली हवा स्वच्छ झाली की बोर्ड जरा जास्त सोडू लागतो. पंखा एका टोकाला, उघडी खिडकी दुसऱ्या टोकाला. खिडकी बंद ठेवून पंखा लावला तर तो जमिनीखालच्या ओलसर थरातून आणि भिंतींच्या पोकळीतून हवा ओढतो, आणि फ्रिज किंवा गीझर गॅसवरचा असेल तर त्याचा धूरही आत ओढू शकतो. मोठा पंखा बसवलात तर ही काळजी दुप्पट. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीचे अलार्म यांच्यावर छापलेली मुदत बघा; जुन्या ट्रेलरात ती संपलेलीच असते. सरळ नवे लावा.

तापमान २५ च्या खाली आणि दमटपणा ३० ते ५० टक्क्यांत ठेवा. ट्रेलर सावलीत उभा करणं हे फुकटातलं सर्वांत मोठं काम.

कशानं होत नाही, तेही सांगून ठेवतो. हीटर लावून 'भाजून काढणं': त्या दिवसांत वायू भरपूर सुटतो, नंतर डिंक पुन्हा सोडायला लागतो, आणि व्हिनाइल वाकतं. हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू नाही. साधा कोळसा या वायूला फारसा धरत नाही, परमँगनेटचे दाणे असलेला फिल्टर धरतो पण लवकर भरतो. कुंडीतली झाडं या प्रमाणाला पुरी पडत नाहीत. ओझोन मशीन तर आणूच नका; ओझोन स्वतः फुप्फुसाला घातक आणि घरातल्या इतर वाफांशी मिळून तो नवं फॉर्मॅल्डिहाइड तयार करतो.

बुरशी दहा चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून स्वतः काढता येते. गाद्या, गालिचे, ओलं इन्सुलेशन धुवू नका, फेका. त्याहून मोठी असेल तर काम जाणकारावर सोपवा किंवा ट्रेलरच सोडा. बुरशीवर नुसता रंग मारलेला ट्रेलर दोन पावसाळी महिन्यांत पुन्हा काळा पडतो.

राहायला लागल्यावर उन्हाळ्याच्या ऐन गरमीत एकदा आणि नवं फर्निचर आणलं की एकदा, पुन्हा बॅज लावा. कुणाचे डोळे आत आल्यावर चुरचुरतात आणि बाहेर गेल्यावर बरे होतात, असं दोन-तीनदा दिसलं तर अहवालाची वाट न पाहता झोपायची जागा बदला आणि डॉक्टरांना ट्रेलरबद्दल स्पष्ट सांगा. सर्दी म्हणून औषध घेत बसू नका.

पुढे कधी विकायचा झाला तर स्टिकर काढू नका. तुमचे दोन्ही अहवाल, कामाआधीचा आणि नंतरचा, टायटलसोबत द्या. तीन मुलांसह ट्रेलर पाहायला आलेल्या कुटुंबाला त्यांत राहायचं का ते त्या दोन कागदांवरून ठरवता येईल.